भेसळीचा वाफा

आधी वास आला. म्हाताऱ्याला तो आला नाही, कारण आयुष्यभर तपकीर ओढून त्याच्या नाकाने केव्हाच काम सोडलं होतं. त्याच्या मुलाला आला असणार, पण वडील काही बोलेपर्यंत त्याला कसलाच वास येत नसे. सुनेला मात्र सकाळी न्हाणीचं दार उघडल्याबरोबर तो आला. गोडसर, कोंदट, मासळी कुजावी तसा. उंदीर मेला असेल म्हणून तिने सरपण हलवून पाहिलं, गोठ्याचा कोपरा पाहिला. मग वाऱ्याकडे तोंड केलं तर वास शेताकडून येत होता.

कित्येक दिवस धुकं हटलं नव्हतं. कपडे वाळत नव्हते, चूल धड पेटत नव्हती आणि वरंब्यांवरचा बटाट्याचा पाला सदानकदा निथळत उभा होता. सून पहिल्याच वरंब्यावर वाकली. पानांवर तेलकट काळे डाग पडले होते. एक पान उलटलं तर खालून पांढरी बुरशी. तिने पान फेकलं आणि बोटं गवताला पुसली. पुसून पुसून कातडी लाल झाली तरी वास गेला नाही.

"मामंजी, करपा आलाय," घरी येऊन ती म्हणाली.

"करपा तुझ्या तोंडात," म्हातारा म्हणाला. "गारठ्याने पानं भाजलीत. काय रे?"

"हो बाबा, गारठाच आहे," मुलगा म्हणाला.

या मुलाला सगळे होयबा म्हणत. त्याच्या तोंडावरच म्हणत, आणि हाक मारली की तो ओ देई. वडिलांनी दिवसाला रात्र म्हटलं तर हा कंदील शोधायला उठणार. तसा मनाचा वाईट नव्हता. पण नुसतं वाईट नसणं संसाराला पुरत नाही, हे सुनेला लग्नानंतर लवकरच कळलं होतं.

गारठा नव्हताच. एका कोपऱ्यात डाग दिसले म्हणेपर्यंत सगळं शेत काळं पडलं. आणि ते ज्या तऱ्हेने गेलं ते बघून सुनेला शिसारी आली. एरवी पिकावर रोग आला की काही झाडं मरतात, काही तगतात, एखादं निर्लज्जासारखं टवटवीत राहतं. इथे प्रत्येक झाड देठाच्या त्याच सांध्यात काळं पडलं, त्याच बाजूला मोडलं आणि तसंच चिखलात लोळलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाही झाडाने वेगळं काही केलं नाही.

बटाट्याला बी पेरत नाहीत. बटाटाच कापायचा, प्रत्येक फोडीला एक डोळा ठेवायचा आणि फोड मातीत लावायची. ते बेणं. म्हाताऱ्याने तरुणपणी कुठूनसा एक बटाटा आणला होता, पांढरा, गोल, पातळ सालीचा. त्याच्या फोडी केल्या, त्यांना आलेल्या बटाट्यांच्या फोडी केल्या, आणि तेच करत करत सगळं शेत भरलं. आसपासचे झाडून सगळे त्याच्याकडूनच बेणं न्यायचे. लोक त्याला बेणेवाला म्हणत. ज्यांनी त्याच्या जिभेची चव घेतली होती ते "काय बेणं आहे म्हातारा" असंही म्हणत, पण ते त्याच्या माघारी.

मागे एकदा शेतकी खात्याच्या बाई तपासणीला आल्या होत्या. शेतभर हिंडल्या, पानं उलटून पाहिली आणि म्हणाल्या, "आजोबा, हे शेत कसलं? हे एकच झाड आहे, हजार ठिकाणी लावलेलं." बोलताना बाईंच्या कपाळावर आठ्या होत्या. म्हाताऱ्याने आठ्या सोडल्या आणि शब्द तेवढे उचलले. मग भेटेल त्याला थांबवून सांगायचा, "बाई स्वतः म्हणाल्या, एकच झाड! तसूभर भेसळ नाही." त्या बाईंना काय म्हणायचं होतं ते विचारायचं कुणाला सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी बेणेवाल्यापुढे कोण विचारणार होतं?

भेसळ हा त्याचा लाडका शब्द. कुणी सासुरवाडीच्या लकबीत बोललं की भेसळ, भातात डाळ कालवली की भेसळ. शेतात फुलं आली की तो घरातल्या सगळ्यांना रांगेत उभं करून ती खुडायला लावायचा. फुलं झाडाचा जोर खातात, असं तो सांगायचा, आणि त्यात तथ्य असेलही. खरं दुखणं मात्र निराळं होतं. ओढ्यापलीकडे लाल सालीच्या बटाट्यांचं शेत होतं आणि माश्या इकडून तिकडे बिनदिक्कत फिरायच्या. फुलाचं फळ झालं, फळातून बी पडलं आणि ते उगवलं, तर काय निघेल याचा नेम नाही. ज्याचा नेम नाही त्याने त्याला मळमळायचं.

एका वर्षी बांधाकडेची काही फुलं खुडायची राहिली आणि त्यांना हिरव्या गोट्यांसारखी फळं धरली. सुनेची मुलगी, घारी, ती फळं भातुकलीत ठेचून चटणी म्हणून वाढायला लागली. ती फळं विषारी. सुनेने पोरीच्या हातावर चापटी मारली आणि तो बुळबुळीत गाळ न्हाणीमागच्या ओल्या जमिनीत भिरकावून दिला. पुढच्या हंगामात तिथे रोपं उगवली. तण म्हणून उपटायला ती खाली बसली आणि बसूनच राहिली. एकाचं पान केसाळ होतं. एकाचा देठ जांभळा. एक इतकं खुजं की मातीतून डोकं काढावं की नाही याच्या विचारात पडलेलं. एकाच मुठीतली भावंडं, पण एकाचं तोंड दुसऱ्याशी जुळत नव्हतं.

तिने ती उपटली नाहीत. पहिल्या खेपेला मटारएवढे बटाटे आले. तेच तिने परत लावले, मग परत, दर झाडाचे वेगळे, मध्ये विटांचे तुकडे रोवून. घारीने त्यांची बारशी केली. केसाळ, नकटी, लालबुडी, रडवी. त्यांतले निम्मे कडू निघाले, काही धड शिजतही नव्हते, तरी सून त्यांना पाणी घालत राहिली. म्हातारा त्या जागेला भेसळीचा वाफा म्हणायचा आणि न्हाणीला जाता-येता त्यात थुंकायचा. मुद्दाम थांबून, नेम धरून.

तसाच तो घारीकडेही बघायचा. पोरीचे डोळे घारे होते. या घरात तसे डोळे कुणाचे नव्हते. सुनेच्या आजीचे होते, पण त्या आजीला या घरातल्या कुणी पाहिलेलं नव्हतं. एकदा जेवताना म्हाताऱ्याने पोरीची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं.

"हे काही आपलं बेणं दिसत नाही. काय रे?"

होयबाच्या तोंडात घास होता. त्याने सवयीने मान हलवली. "हो बाबा."

त्याच्या मनात काही नव्हतं, हे सुनेला ठाऊक होतं. त्याने प्रश्न ऐकलाही नसेल. पण त्या दिवसापासून त्याच्या "हो"ची तिला किळस बसली. तो शब्द कानावर पडला की तिला ताट बाजूला सारावंसं वाटे.

आता पाला तर गेलाच होता. निदान मातीतले बटाटे हाती लागतील म्हणून सगळे कुदळी घेऊन शेतात उतरले. कुदळ मारली की वरंबा फुटायचा आणि आतून गरम, घाण वाफ तोंडावर यायची. बटाटा उचलावा तर साल हातात राहायची आणि आतला करडा गर बोटांच्या फटींतून ओघळायचा. तो नखांत शिरला, कोपरापर्यंत वाळला, चेहऱ्यावरची माशी हाकलताना गालाला लागला. सुनेने नाकातोंडाला फडकं बांधलं, तर थोड्याच वेळात फडक्यालाच वास मारायला लागला. होयबा बांधाकडे जाऊन ओकला, परत आला, परत गेला. प्रत्येक वेळी वडिलांना विचारून गेला.

"बाबा," एकदा पाठ सरळ करताना तो म्हणाला, "बाई म्हणाल्या होत्या ना, एकच झाड आहे म्हणून. म्हणजे मग मेलं ते एकच."

तो भाबडेपणाने बोलला. हिशोब त्याला नुकताच उमगला होता आणि वडिलांना बरं वाटावं म्हणून त्याने तो सांगितला. म्हाताऱ्याने हातातला सडका बटाटा त्याच्या छातीवर फेकला. बटाटा फुटला. होयबा तसाच कामाला लागला, आणि सदऱ्यावरून ती घाण खाली ठिबकत राहिली. "पुसा तरी ते," सून म्हणाली. तेव्हा कुठे त्याने पुसलं.

संध्याकाळी तिने राखेने हात घासले, साबणाने धुतले, परत राखेने घासले. घारीला भरवायला बसली तर पोरीने तोंड फिरवलं.

"तुझ्या हाताने नको आई. घाण येते."

सुनेने चमचा आणून दिला आणि स्वतः न जेवता उठली.

जे बटाटे वरून धड दिसत होते ते कोठीच्या खोलीत पसरले. तिथेही ते सडायला लागले. जमिनीवर ओल सुटली, माश्यांनी खिडकी काळी झाली, दार उघडताना श्वास कोंडून घ्यावा लागायचा. म्हातारा काठीने बटाटे उलटसुलट करत होता.

"पोत्यात राख आण," तो सुनेला म्हणाला. "जे बरे दिसतात ते राखेत घोळवा. डाग झाकतात."

"झाकून काय करायचं?"

"बेणं म्हणून नेतील लोक."

"आणि त्यांच्या शेतात सडलं म्हणजे?"

"मातीत गेल्यावर ते त्यांचं. मी काय त्यांच्या शेतात झोपायला जातो?"

"मी नाही घोळवणार," सून म्हणाली. "मला ओकारी येते. बटाट्यांची नाही येत आता, त्यांची सवय झाली."

म्हातारा मुलाकडे वळला. होयबा "हो बाबा" म्हणून राख आणायला गेला आणि खाली बसून लाडू वळावे तसा एकेक बटाटा घोळवायला लागला. सुनेने उंबऱ्यातून ते पाहिलं. इतकं होऊनही रागाऐवजी तिला त्याची लाजच जास्त वाटली.

दुसऱ्या दिवशी लोहार आला. दरवर्षी इथूनच बेणं नेणारा, मोजक्या शब्दांचा माणूस. म्हाताऱ्याने त्याला अंगणात बसवलं, पाणी दिलं, तब्येतीची चौकशी केली. एरवी तो कुणाला बसायलासुद्धा सांगत नसे. लोहाराने टोपलीतला एक बटाटा उचलला, फुंकर मारून राख उडवली आणि अंगठ्याने दाबून पाहिला. अंगठा आत गेला. पेरापर्यंत गेला. त्याने तो सावकाश बाहेर काढला, उजेडात धरून बघितला, आणि उठून म्हाताऱ्याच्या सदऱ्याच्या बाहीला पुसला. आधी एका बाजूने, मग दुसऱ्या.

"माझ्या धंद्यात हात काळे होतात, बेणेवाले," तो म्हणाला. "पण धुतले की निघतं."

तो गेला तरी म्हातारा बाही पुढे धरून तसाच बसून राहिला. शेजारचं कुणीतरी कुंपणापलीकडून हसलं. मग तो उठला आणि त्याचा आवाज घरभर घुमला.

"त्या वाफ्यातून आलं हे! घरात भेसळ शिरली तिथून सगळं नासलं." हे बोलताना त्याची काठी घारीच्या दिशेने उठली होती. पोर आईच्या मागे गेली. "उपट रे तो वाफा. आत्ता. मुळासकट."

"हो बाबा," होयबा म्हणाला आणि कुदळ घेऊन निघाला.

सून त्याच्या पुढे धावली. वाफ्यात काय आहे ते तिला माहीत होतं. शेतात राबून आल्यावर रोज ती तिथे जात होती आणि रोज काहीतरी मेलेलं सापडत होतं. नकटी गेली, रडवी गेली, वाफ्यातली बहुतेक झाडं शेतासारखीच काळी पडून झोपली. पण सगळी नाही. केसाळला एकही डाग नव्हता. लालबुडीची खालची पानं गेली होती, वरची शाबूत होती. आणखीही काही उभी होती, कुणी निम्मी, कुणी अख्खी, ज्याची त्याची तऱ्हा. तिने हे कुणालाही सांगितलं नव्हतं. या घरात काहीही जिवंत आहे असं सांगायला तिला भीती वाटायची.

"वाफ्यातून रोग आला असता," ती वाफ्यात उभी राहून म्हणाली, "तर वाफा आधी मेला असता. डोळे उघडून बघा तरी."

म्हातारा काठी टेकत आला. बघितलं. मग खाली बसला, हिरव्या झाडाचं पान तोडलं, उलटलं, चोळलं, आणि ज्याला वास कळत नाही त्या नाकाला लावलं. ज्या मातीत तो रोज थुंकत होता त्याच मातीत त्याने गुडघे टेकले होते. एकेका झाडाच्या बुडाशी बोटं घालून तो माती उकरू लागला आणि खालचे बटाटे चाचपू लागला. केसाळच्या खाली लांबट, गुलाबी बटाटे होते. त्याने तोंड वाकडं केलं. दुसऱ्याच्या खाली वेडेवाकडे. तिसऱ्यापाशी मात्र त्याची बोटं थांबली. पांढरा, गोल, पातळ सालीचा.

"हे बघ," तो म्हणाला. त्याचा आवाज एकदम लोण्यासारखा झाला होता. "हे आपलं. रक्त कुठे लपत नाही. काय रे?"

"हो बाबा."

"याच्या फोडी करायच्या. पुढच्या हंगामाला चार वरंबे, त्याच्या पुढच्याला अर्धं शेत. बेणेवाल्याचं नवं बेणं म्हणायचं. सांगायचं, मी राखून ठेवलं होतं." त्याने हात झटकला. "हे एवढं नीट काढ. बाकीची घाण उपट आणि सडक्यांच्या खड्ड्यात टाक."

"बाकीचीही जिवंत आहेत, मामंजी."

"असतील. मला जत्रा नाही भरवायची शेतात. एक पुरे."

"आणि या एकावर उद्या दुसरा रोग आला तर?"

"याला काय होतंय? बघ कसं आहे ते. एकसारखं."

सुनेने कोठीच्या दाराकडे पाहिलं. कोठीत सगळं शेत सडत पडलं होतं, त्याची घाण या माणसाच्या बाहीवर अजून ओली होती, आणि त्याला परत तेच हवं होतं. एवढ्या मरणातूनही त्याला काही कळलं नव्हतं. तिची मुलगी कुणासारखी दिसते याचा निवाडाही हाच माणूस करायचा, आणि तिने तो आजवर खाली मान घालून ऐकला होता. तिला म्हाताऱ्याइतकीच स्वतःचीही किळस आली.

म्हातारा हात धुवायला न्हाणीत गेला. आतून पाणी ओतल्याचे आवाज येत राहिले. त्या हातांना बराच वेळ लागणार होता.

"कुदळ द्या इकडे," ती नवऱ्याला म्हणाली.

"अगं, पण बाबा म्हणाले…"

"कुदळ द्या आणि टोपली धरा."

होयबाने तिच्या तोंडाकडे बघितलं. मग न्हाणीच्या दाराकडे. मग त्याला जे येत होतं तेच त्याने केलं.

"हो," तो म्हणाला, आणि टोपली धरली.

तिने आधी म्हाताऱ्याने निवडलेलं झाड खणलं. मग केसाळ, मग लालबुडी, मग उरलेली हिरवी सगळी. मधले विटांचे तुकडे पायाने उडवले. कित्येक हंगाम तिने ज्यांना एकमेकांत मिसळू दिलं नव्हतं ते बटाटे एकाच टोपलीत पडले. तिने दोन्ही हात कोपरापर्यंत आत घालून ते ढवळले. आता कुठला कुणाचा हे तिलाही सांगता आलं नसतं, आणि त्याचं तिला वाईट वाटलं. पांढरे होते, पांढुरके होते, एका बाजूने गुलाबी होते, गोल, गोलसर, लांबटाकडे झुकलेले, आणि सगळ्यांवर तोच चिखल.

म्हातारा न्हाणीतून बाहेर आला तेव्हा वाफा मोकळा होता आणि टोपली दारात होती.

"हे काय केलंस?"

"बेणं काढलं," सून म्हणाली. "सगळे लावायचे. मी लावणार. ज्याला जे व्हायचं ते होईल, पण सगळे एकदम नाही मरायचे."

"माझं कुठे आहे?"

"असेल की यातच. बघा. रक्त कुठे लपत नाही."

होयबा खाली मान घालून उभा होता. म्हाताऱ्याने त्याला "काय रे?" म्हणून विचारलं नाही. तो टोपलीपाशी उकिडवा बसला. एक बटाटा उचलला, ओल्या हाताने पुसला, डोळ्यांजवळ नेला, फिरवून फिरवून पाहिला आणि मान हलवून परत टोपलीत टाकला. दुसरा उचलला. पांढरा, गोल. हसू येता येता थांबला. शेजारी तसाच आणखी एक होता, आणि त्याच्यापुढे आणखी एक, थोडा लांबट. साली बोटांनी चोळल्या, नखाने टोकरल्या. बाहीचा वास त्याला येत नव्हता, पण तिथे माश्या जमल्या होत्या आणि त्या हाकलायचंही त्याला सुचत नव्हतं. घारी आईच्या मागून पुढे आली आणि टोपलीच्या दुसऱ्या बाजूला त्याच्यासारखीच उकिडवी बसली.

म्हाताऱ्याने एक बटाटा उचलून दोन्ही हातांत धरला. बराच वेळ धरला. "हा," तो म्हणाला. "हाच माझा."

"आजोबा," घारी म्हणाली, "हा तर मघाशी नको म्हणून टाकलात तुम्ही."